‘रविवारी सांगा, सोमवारी मोकळे’: कन्फेशनबद्दलच्या एका मजकुराला उत्तर

नाताळ जवळ आला, किंवा एखाद्या धर्मगुरूबद्दल वाईट बातमी पेपरात आली, की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. त्यातलं एक ठिकाण म्हणजे माझ्या शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप, आणि पाठवणारीच्या मनात माझ्याबद्दल काही वाकडं नाही हे मला माहीत आहे. मजकूर साधारण असा:

‘ख्रिश्चनांचं बरं आहे. आठवडाभर हवी ती पापं करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, पाटी कोरी. पूर्वी तर पोप पैसे घेऊन पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकायचे. फादरला गुन्हा कळला तरी तो पोलिसांना सांगत नाही. मरताना सॉरी म्हणणारा खुनी स्वर्गात आणि जन्मभर रुग्णसेवा करणारा हिंदू डॉक्टर नरकात. वर शिकवण काय, तर दुसरा गाल पुढे करा. अशा धर्मात न्याय कुठे आहे?’

शेवटचा प्रश्न रास्त आहे. न्यायाची चाड असलेल्या कुणालाही तो पडेल, म्हणून चिडून न जाता एकेका वाक्याला उत्तर देते. मी वसईची, कॅथलिक घरातली. लहानपणापासून कन्फेशनच्या त्या जाळीच्या खिडकीपुढे गुडघे टेकत आले आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच.

‘फादरच्या कानात सांगा, पाटी कोरी.’

आधी तपशिलाची चूक. कन्फेशन, म्हणजे आमच्या भाषेत पापनिवेदन किंवा प्रायश्चित्त संस्कार, दर रविवारी करायचा विधी नाही. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून निदान एकदा तरी करा, असा नियम घातला आणि तो आजही आहे. काही जण दर महिन्याला जातात, बरेच जण ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात रांगेत उभे राहतात.

मोठी चूक ‘सांगा’ या शब्दात आहे. सांगणं हा या संस्काराचा एक भाग झाला. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला पाच गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या: आधी स्वतःच्या मनाची झडती, मग केल्याचं खरं दुःख, मग पुन्हा न करण्याचा निर्धार, मग निवेदन आणि शेवटी फादर सांगेल ते प्रायश्चित्त. यातलं दुःख आणि निर्धार नसेल, तर फादरने क्षमेचे शब्द उच्चारले तरी ती क्षमा लागू होत नाही. ‘सोमवारी पुन्हा करीन’ असं मनात धरून गेलेला माणूस जसा गेला तसाच परत येतो. उलट संस्काराची विटंबना केल्याचं आणखी एक पाप घेऊन येतो.

आणि ज्याचं नुकसान केलं त्याचं काय? मजकूर लिहिणाऱ्याला वाटतं की हा व्यवहार पापी, फादर आणि देव या तिघांत मिटतो. तसं नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथ स्पष्ट सांगतो की चोरलेलं परत करा, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा स्वच्छ करा, इजा केली असेल तर भरपाई द्या. हे काही आजकालचं नवं धोरण नाही. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसेडोनियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात हाच मुद्दा मांडला आहे: परत करणं शक्य असूनही जो दुसऱ्याची वस्तू परत करत नाही, त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे.

त्याही आधी जक्कय आहे. यरीहोचा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. ठेंगणा होता, म्हणून येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. ‘आज या घराला तारण मिळालं’ हे येशूचे शब्द या बोलण्यानंतर येतात. डोंगरावरच्या प्रवचनात तर तो म्हणतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये. देव थांबायला तयार आहे, दुखावलेल्या माणसाला थांबवून ठेवायचं नाही.

मी आठवीत असतानाची गोष्ट. वर्गात एकीचे पैसे हरवले होते आणि मी नुसत्या संशयावरून एका मुलीचं नाव घेतलं होतं. पैसे नंतर दुसरीकडेच सापडले. मी गप्प राहिले. तिच्याशी मात्र पुढे कित्येक दिवस कुणी नीट बोलत नव्हतं. हे मी पापनिवेदनात सांगितलं, आणि मला वाटलं होतं की नेहमीसारखं प्रायश्चित्त म्हणून थोडी प्रार्थना करायला सांगतील. फादर म्हणाले, ‘रोझरी म्हणणं सोपं आहे, बाळ. तू तिचं नाव सगळ्यांसमोर घेतलंस ना? मग सगळ्यांसमोरच खरं सांग.’ त्यानंतरचा सोमवार मी अजून विसरलेले नाही. मोकळं होणं वगैरे काही वाटलं नाही, पाय लटपटत होते.

या संस्काराचा गैरवापर करणारे लोक आहेत का? आहेत. घरी बायकोवर हात उगारणारा आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस मीही पाहिला आहे. पण हा प्रश्न नवा नाही. इसवी सन ५७ च्या सुमारास पौल या ख्रिस्ती प्रेषिताने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच विचारला आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावं काय? आणि लगेच ठाम नकार दिला आहे. जाता जाता एवढंही सांगते की नगर-सोलापूरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये असं फादरच्या कानात सांगणं नाहीच. तिथे उपासनेत सगळे मिळून देवापुढे कबुली देतात. ‘ख्रिश्चनांचं’ म्हणून सरसकट बोलताना हे ध्यानात घेतलं जात नाही.

‘पोप पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकायचे.’

हे खरं आहे, आणि ते लाजिरवाणं होतं. शिकवणीप्रमाणे त्या पत्रांनी पाप माफ होत नव्हतं. पाप माफ झाल्यानंतरही जी शुद्धी व्हायची राहते, तिच्यातून सूट मिळत असे. पण योहान टेट्झेलसारखे विक्रेते बाजारात तो फरक कुठला सांगणार! जर्मनीत १५१७ मध्ये जमलेल्या पैशातला निम्मा वाटा रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामाला आणि निम्मा माइन्झच्या आर्चबिशपने फुगर सावकारांकडून काढलेलं कर्ज फेडायला जात होता. त्या आर्चबिशपाने ते कर्ज पद मिळवण्यासाठी काढलं होतं. याविरुद्ध पहिला जोराचा आवाज उठवला तो मार्टिन ल्यूथर या ख्रिस्ती संन्याशाने, त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला. पुढे ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये या पैशाच्या व्यवहारावर बंदी घातली आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या अशा सगळ्या सवलती रद्द केल्या. साडेचारशे वर्षांपूर्वी बंद झालेल्या पापाचा जाब आजच्या ख्रिस्ती माणसाला जरूर विचारा, पण ते बंद झालं हेही सांगा.

‘फादरला गुन्हा कळला तरी तो सांगत नाही.’

पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाही, हे बरोबर. सांगितलं तर त्याला धर्मबहिष्कृत केलं जातं. त्या माहितीचा कसलाही वापर करणंसुद्धा वर्ज्य आहे. पण गुप्तता म्हणजे पाठराखण नव्हे. फादर गुन्हेगाराला पोलिसांत हजर हो म्हणून आग्रह करू शकतो, आणि पश्चात्ताप दिसत नसेल तर क्षमा नाकारू शकतो. मुळात गुप्ततेची खात्री नसती तर तो गुन्हेगार त्या खिडकीपाशी आलाच नसता, आणि ‘जा, हजर हो’ असं म्हणणारा एकमेव माणूसही त्याला भेटला नसता.

इथे मला एक कडू गोष्ट मान्य करायची आहे. केरळात २०१८ मध्ये एका विवाहितेने केलेल्या निवेदनाचा वापर तिला धमकावून तिचं शोषण करण्यासाठी झाला, असा आरोप काही ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंवर झाला. राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी तेव्हा ही प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली होती. असं करणाऱ्याला तुरुंगात टाकावं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण तो गुन्हा गुप्तता पाळल्याने घडत नाही, मोडल्याने घडतो. मुलांच्या लैंगिक शोषणाची जी प्रकरणं जगभर दडपली गेली, त्यांचंही नीट पाहा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे चौकशीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या मंडळाने, २०१८ मध्ये तीनशेहून अधिक धर्मगुरूंची आणि हजाराहून अधिक पीडित मुलांची नोंद केली. त्याचे पुरावे चर्चच्या स्वतःच्या कुलूपबंद फायलींमध्ये होते. पत्रं आली होती, आईबाप तक्रार घेऊन गेले होते, वरिष्ठांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी संस्थेचं नाव वाचवलं. हे पाप माझ्या चर्चचं आहे. त्याला पापनिवेदनाच्या गुप्ततेचं पांघरूण घालू नये, आमच्या लोकांनीही नाही.

‘मरताना सॉरी म्हणणारा खुनी स्वर्गात.’

हा टोला थेट क्रूसावरच्या चोराला आहे. येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या त्या गुन्हेगाराला येशू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पण लूकने शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, लिहिलेली ती हकिगत पूर्ण वाचा. तो चोर आधी आपल्या साथीदाराला सांगतो की आपण भोगतोय ते आपल्या कर्माचं योग्य फळ आहे. शिक्षा टळावी असं तो मागतच नाही. आणि क्षमा मिळाल्यावर तो क्रूसावरून खाली उतरला का? नाही. दुसरा शुभवर्तमानकार योहान सांगतो की संध्याकाळ व्हायच्या आत सैनिकांनी दोन्ही गुन्हेगारांचे पाय मोडले. त्याला स्वर्ग मिळाला, पण शिक्षा टळली नाही.

शिवाय वाल्याचा वाल्मीकी झाला, हे आपण मराठी मुलांना कौतुकाने सांगतोच ना? अजामेळाचं नाव आपल्या संतांच्या अभंगांत येतं, ते त्याने पाप केलं म्हणून येत नाही. कुठलाही माणूस कितीही खाली गेला तरी परत फिरू शकतो, या आशेला आपल्या भाषेत केव्हाचं घर आहे. तीच आशा ख्रिस्ती माणसाने बोलून दाखवली की ती पळवाट कशी ठरते?

मृत्यूपर्यंत थांबून मग माफी मागू, असा हिशेब करणाऱ्याला मात्र त्या चोराचा आधार घेता येत नाही. तो चोर मुद्दाम थांबून राहिला नव्हता. त्याची येशूशी भेटच त्या दुपारी झाली.

‘हिंदू डॉक्टर नरकात.’ असं ठासून सांगणारे ख्रिस्ती प्रचारक आहेत, आणि या प्रश्नावर ख्रिस्ती पंथांमध्ये मतभेद आहेत, हे मी लपवत नाही. पण सगळ्यात मोठ्या, म्हणजे कॅथलिक पंथाची अधिकृत शिकवण ती नाही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी मंजूर केलेल्या दस्तऐवजाच्या सोळाव्या परिच्छेदात म्हटलं आहे की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला जागून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात तर न्यायाच्या दिवशी प्रश्नच वेगळा आहे: मी भुकेला होतो, जेवू घातलंस का? आजारी होतो, भेटायला आलास का? तिथे नीतिमान माणसं चकित होऊन विचारतात, ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?’ आपण कुणाची सेवा करत होतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हे वाचताना मला जन्मभर रुग्णसेवा करणारा तो डॉक्टर डोळ्यांपुढे येतो, आणि ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्या स्वतःची भीती वाटते.

राहिला दुसरा गाल. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूच्या तोंडात मारली. त्याने काय केलं? हात उगारला नाही आणि गप्पही बसला नाही. माझं चुकलं असेल तर दाखव, बरोबर असेल तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं. दुसरा गाल म्हणजे सूड नाकारणं. जाब विचारणं त्यात राहतंच.

ओडिशातल्या मनोहरपूरला १९९९ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची सरमिसळ करू नये, हीही त्यांचीच भूमिका. खटला चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली.

आणि सिस्टर राणी मारिया. मध्य प्रदेशात उदयनगर भागात त्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंगने सगळ्यांदेखत त्यांना भोसकलं. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी त्या कुटुंबानेच अर्ज केला. अकरा वर्षं शिक्षा भोगून तो २००६ मध्ये बाहेर आला, आणि नंतर केरळला त्यांच्या घरी गेला. तिथे राणी मारियांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आलं, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांमध्ये समंदर सिंगही होता.