‘झेपेल तेवढंच दुःख’ या मेसेजबद्दल खुलासा

‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो – 1 करिंथ. 10:13’ (म्हणजे बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 10, वचन 13) हा मेसेज वेंगुर्ला-मालवणकडच्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. गेल्या पावसात मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली.

त्या वचनात दुःखाचं माप नाहीच. आधी रानातल्या इस्राएलांचे अपराध आहेत, लगेच 14व्या वचनात मूर्तिपूजेपासून दूर राहायला सांगितलंय. विषय आहे मोहाच्या परीक्षेचा. उलट करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (1:8) ही पत्रं लिहिणारा पौल स्वतःच लिहितो की आशियात (आजच्या तुर्कस्तानातला तेव्हाचा रोमी प्रांत) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याची आशाही सुटली.

आमच्या मंडळीतल्या एका मावशीनं हा मेसेज वाचून घरातलं आजारपण तीन महिने लपवलं. ‘माका झेपूक होया मा?’ (मला झेपायला हवं ना?) म्हणाली. एकमेकांची ओझी वाहा, हे गलतीकरांस पत्रातलं (6:2) आपण दर रविवारी ऐकणारे! कळल्यावर कुणी पेजेचा डबा नेला, कुणी रात्री दवाखान्यात बसलं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आपण टाकला असेल तर काढा. पाठवायचाच तर त्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय अख्खा पाठवा.