‘आकडे सोडा, कानांवर विश्वास ठेवा’: या सल्ल्याचा प्रतिवाद

महागडा ॲम्प्लिफायर घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. मोजमापांत संगीत सापडत नाही, ०.००१ टक्के डिस्टॉर्शनचा (मूळ संकेतात ॲम्पने घातलेल्या विकृतीचा) ट्रान्झिस्टर ॲम्प कोरडा वाटतो आणि दोन-तीन टक्के डिस्टॉर्शनचा, निर्वात नळ्यांवर चालणारा ट्यूब ॲम्प गोड, म्हणजे यंत्राला जे कळत नाही ते कानाला कळते. तेव्हा दुकानात बसून ऐका आणि जो भावेल तो घ्या. आवडीचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे, मात्र त्याच्या समर्थनासाठी दिलेली ही कारणे टिकत नाहीत आणि त्यांच्यापायी लोक मोठ्या रकमा ॲम्प आणि स्पीकरच्या चुकीच्या जोडीवर घालवतात.

पहिले कारण असे की, ट्यूबचा गोडवा मोजता येत नाही. तो सहज मोजता येतो. ३००बी या जातीच्या ट्यूबच्या एखाद्या सिंगल-एंडेड (संपूर्ण लहर एकाच ट्यूबकडून वाढवणाऱ्या) ॲम्पचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे त्याचा अंतर्गत विद्युत-अडथळा, २ ओहम आहे आणि त्याला जोडलेल्या स्पीकरचा इंपीडन्स वारंवारतेनुसार ४ ते २० ओहमांदरम्यान बदलतो, असे धरू. ४ ओहमांच्या जागी स्पीकरला दोन तृतीयांश व्होल्टेज मिळते, २० ओहमांच्या जागी अकरापैकी दहा भाग. हा फरक सुमारे २.७ डेसिबलांचा होतो. म्हणजे जिथे स्पीकरचा इंपीडन्स जास्त असतो तिथे, बासच्या रेझोनन्सजवळ (स्पीकरचा पडदा सहज कंप पावतो त्या वारंवारतेजवळ), आणि पुष्कळ स्पीकरांत क्रॉसओव्हरच्या (खालचे आणि वरचे स्वर वेगळ्या पडद्यांकडे वाटले जातात त्या वारंवारतेच्या) आसपासही, आवाज उचलला जातो. ०.०५ ओहमांच्या ट्रान्झिस्टर ॲम्पला तोच स्पीकर जोडला, तर फरक ०.१ डेसिबलही भरत नाही. शिवाय अशा ट्यूब ॲम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा स्वर) प्रबळ असतो, आणि मध्य षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्जच. तो मूळ स्वरात मिसळून जातो, खटकत नाही. कानाला जे भावले ते आलेखावर उमटलेलेच होते.

याचा उत्तम दाखला १९८५ सालचा आहे. अमेरिकेतील ॲम्प्लिफायर-रचनाकार बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांसमोर आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये बदल करून तो एका अतिशय महागड्या ट्यूब ॲम्पसारखा वाजवून दाखवला. दोन्ही ॲम्पच्या आउटपुटमधील फरक मोजत, तो मूळ संकेतापेक्षा सुमारे ७० डेसिबल खाली जाईपर्यंत ते बदल करत राहिले. त्यानंतर संपादकांना दोहोंतला भेद ओळखता आला नाही. गोडवा मोजमापाच्या आवाक्याबाहेर असता, तर मोजमापाच्या आधाराने त्याची अशी नक्कल करता आलीच नसती.

दुसरे कारण असे की, डिस्टॉर्शनचा आकडा आणि कानाचा अनुभव जुळत नाहीत. त्यात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा काढला जातो. एकूण हार्मोनिक डिस्टॉर्शनचा एकच आकडा खरोखरच दिशाभूल करू शकतो. क्लास बी रचनेत लहरीचे दोन अर्धे दोन वेगळे ट्रान्झिस्टर वाढवतात; त्यांच्या सांध्यावर होणारे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन पूर्ण शक्तीला नगण्य दिसते आणि हलक्या आवाजात, म्हणजे आपण घरी ऐकतो तिथेच, ठळक होते. त्यातले वरचे हार्मोनिक कानाला बोचतात. बीबीसीचे डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० सालीच वरच्या हार्मोनिकांना अधिक वजन देऊन मोजावे, असे सुचवले होते. यावरून सिद्ध होते ते एवढेच की, अपुरे मोजमाप अपुरे असते. त्यावर इलाज म्हणजे अधिक चांगले मोजमाप.

दुकानातल्या ऐकण्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर दोन ॲम्पमध्ये अर्ध्या डेसिबलचा फरक असला, तरी तो मोठा आवाज म्हणून नव्हे, स्पष्टपणा म्हणून जाणवतो. म्हणून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवल्याशिवाय आणि कोणता ॲम्प वाजतो आहे हे लपवल्याशिवाय केलेली तुलना कानांची नसते. ती आवाजाच्या खुंटीची, किमतीची आणि रूपाची असते.

आवडीने ट्यूब ॲम्प अवश्य घ्यावा. तो मंद प्रकाश आणि तो भरदार बास यांवर पैसे खर्च करण्यात काहीही गैर नाही. पण घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे त्याच्या आउटपुट इंपीडन्सचा आकडा आणि आपल्या स्पीकरचा इंपीडन्स आलेख मागावा, कारण एका स्पीकरवर जो गोडवा वाटला तो दुसऱ्यावर घुमणारा बास ठरू शकतो, आणि हे घरी पेटी उघडण्याआधी केवळ त्या दोन गोष्टींवरूनच कळते.