घोड्याचं ब्लँकेट गरम पाण्यात धुवा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

थंडी संपली की दरवर्षी एक मेसेज फिरतो, घोड्यांची ब्लँकेटं गरम पाण्यात भरपूर पावडर आणि फॅब्रिक कंडिशनर टाकून धुवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्या घालून घट्ट बांधा, पुढच्या सीझनला नव्यासारखी निघतील. कृपया असं करू नका.

वॉटरप्रूफ ब्लँकेटच्या आतल्या बाजूला पातळ कोटिंग असतं, ते कडक गरम पाण्याने सोलतं, आणि साध्या पावडरीचा किंवा कंडिशनरचा थर कापडावर राहिला की पाणी घरंगळून जायच्याऐवजी आत मुरायला लागतं, म्हणजे ब्लँकेट दिसायला स्वच्छ पण पावसात घोडा ओला. आधी कोरडंच जमिनीवर पसरून कडक ब्रशने केस आणि वाळलेला चिखल काढा, मग थंड पाण्याचा पाइप मारा, गरज वाटलीच तर सौम्य साबण, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. बकलं आणि पट्टे तेव्हाच तपासून घ्या.

पण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नीट न वाळवल्याने. पट्ट्यांच्या शिवणीत ओल राहते, वरून कोरडं लागतं, प्लॅस्टिकमध्ये बांधलं की बुरशी धरते. दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर टांगा, दोन्ही बाजू उलटून, मग सुती पिशवीत ठेवा. डांबरगोळ्या नकोतच, तो वास घोड्याच्या नाकाशी तासन्‌तास राहतो.

आणि गजकर्ण झालेल्या घोड्याचं ब्लँकेट बाकीच्यांत मिसळू नका हो, नुसत्या थंड पाण्याने गजकर्णाची बुरशी मरत नाही, डॉक्टरांना विचारून वेगळं निर्जंतुक करा.