आपल्याच माणसाला मैदानाबाहेर पाठवणारा कर्णधार

25 सप्टेंबर 2022, कोइम्बतूर. देशातल्या विभागीय संघांच्या दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस. पश्चिम विभाग जिंकणार हे जवळपास नक्की झालं होतं. दुसऱ्या डावात 265 धावा ठोकलेला यशस्वी जयस्वाल क्षेत्ररक्षण करताना दक्षिण विभागाच्या रवी तेजाला सतत काहीबाही बोलत होता. पंचांनी सांगून पाहिलं. कर्णधार अजिंक्य रहाणेनेही समज दिली. तरी तोंड थांबेना, तेव्हा रहाणेने त्याला सरळ मैदानाबाहेर जायला सांगितलं. ज्याच्या द्विशतकामुळे सामना हातात आला, त्यालाच! काही षटकं बाहेर काढून जयस्वाल परत आला आणि पश्चिम विभागाने सामना 294 धावांनी जिंकला.

गेल्या काही वर्षांत भारतीय क्रिकेटमध्ये खिलाडूवृत्तीचं याहून मोठं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. त्याची चर्चा दोन दिवस झाली आणि विरली. याउलट डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्नला कोहलीने ऑस्ट्रेलियाच्या नवख्या कॉन्स्टासला मारलेला खांदा आजही पार्श्वसंगीत लावून फिरवला जातो, खाली ‘किंग’, ‘वाघ’ वगैरे लिहून. हे मला मनापासून खटकतं, म्हणून एवढं लांब लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मैदानात कुणी तोंडच उघडू नये, असं माझं म्हणणं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये पर्थला जयस्वाल ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज मिचेल स्टार्कला म्हणाला की चेंडू फार हळू येतोय. त्या डावात त्याने 161 केल्या. पुढची कसोटी अॅडलेडला, सामन्याचा पहिलाच चेंडू, स्टार्कचा, जयस्वाल पायचीत. टोमणा क्रिकेटमधला आणि उत्तरही क्रिकेटनेच दिलेलं. 2018 मध्ये यष्टीमागून ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन ऋषभ पंतला म्हणाला, आमच्या मुलांना सांभाळायला येतोस का? पंतने त्याला ‘तात्पुरता कर्णधार’ म्हणून परतफेड केली. मग नव्या वर्षात पंत खरोखरच पेनच्या मुलांना घेऊन फोटोत उभा होता. यात कुणाला काय लागलं? अशा गोष्टींनी खेळाला रंगत येते आणि ती यावीच.

पण हे उदाहरण देऊन बाकी सगळं खपवलं जातं. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू वर्षानुवर्षं सांगत आले की आम्ही कडक खेळतो, मर्यादा मात्र ओलांडत नाही. ती मर्यादा कुठे आहे हे अर्थात तेच ठरवणार. कर्णधार स्टीव्ह वॉच्या काळात समोरच्याचं मानसिक खच्चीकरण हे उघड धोरण होतं आणि संघ जिंकत असल्यामुळे त्याला कुणी अडवलं नाही. जानेवारी 2008 ची सिडनी कसोटी आठवते? ईशांतच्या चेंडूवर सायमंड्स 30 वर असताना बॅटची कड लागली, पंच बकनर यांनी नाबाद दिलं आणि गडी पुढे 162 वर नाबाद राहिला. गांगुलीच्या झेलावर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पाँटिंगने बोट वर करून पंच बेन्सन यांना निकाल सांगितला. सामन्यानंतर आपला कर्णधार अनिल कुंबळे म्हणाला, खेळाच्या भावनेने एकच संघ खेळला. तेव्हा सगळा देश चिडला होता आणि रास्त चिडला होता.

त्याच सामन्यात हरभजन-सायमंड्स प्रकरणही झालं. हरभजनवर वर्णद्वेषाचा आरोप झाला, सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी तो आरोप सिद्ध होत नसल्याचं सांगून, अपशब्दांच्या कमी गंभीर आरोपाखाली निम्म्या सामना मानधनाचा दंड केला. मैदानात नेमकं काय बोललं गेलं यावर मी निकाल देणार नाही. पण त्याच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर 2007 मध्ये, वडोदऱ्यात आणि मुंबईत वानखेडेवर काय झालं ते आपण सोयीस्कर विसरतो. आपल्या प्रेक्षकांपैकी काही जण सायमंड्सला बघून माकडाचे आवाज काढत होते. वानखेडेवर काहींना पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. म्हणजे पोलीस यावे लागले. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने दंडाला धरून ‘ए, बस खाली’ म्हटलं असतं, तर तेवढंच पुरलं असतं. हजारो माणसं होती तिथे. सिडनीनंतर आपली घसरण सुरू झाली असं सायमंड्स पुढे स्वतः म्हणाला होता. 2022 मध्ये तो अपघातात गेला.

आता जानेवारी 2021. पुन्हा सिडनी. वडिलांच्या निधनानंतरही घरी न परतता दौऱ्यावर थांबलेला मोहम्मद सिराज सीमारेषेवर उभा होता आणि मागून त्याच्यावर गलिच्छ शेरेबाजी चालू होती. त्याने ती मुकाट्याने गिळली नाही की प्रेक्षकांवर धावूनही गेला नाही. तो चालत पंचांकडे गेला, खेळ थांबला आणि काही प्रेक्षकांना बाहेर नेण्यात आलं. भारतीय खेळाडूंवर वर्णद्वेषी शेरेबाजी झाल्याचं पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियाने चौकशीअंती मान्य केलं. सिराजने नंतर सांगितलं की पंचांनी मैदान सोडण्याचा पर्याय दिला होता, रहाणेने तो नाकारला. चूक आमची नाही, आम्ही का जायचं, असं त्याचं म्हणणं. मला हा कणखरपणा वाटतो. आवाज न चढवता आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहणारा हाच कर्णधार पुढच्या वर्षी आपल्याच माणसाला बाहेर पाठवू शकतो. दोन्हीला लागणारी हिंमत मला एकच वाटते.

त्याच कसोटीच्या शेवटच्या दिवशी अश्विन दुखऱ्या पाठीने आणि विहारी दुखावलेल्या मांडीने खेळपट्टीवर उभे राहिले. 62 धावांची अखंड भागी, चाळीसहून जास्त षटकं. वैतागलेला पेन यष्टीमागून अश्विनला बोलत सुटला, गाबाला ये मग बघतो वगैरे. गाबा म्हणजे ब्रिस्बेनचं मैदान, पुढची कसोटी तिथे होती. त्या डावात त्याच्या हातून तीन झेल सुटले, सामना अनिर्णित राहिला आणि ब्रिस्बेनला काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. गाबाला 1988 नंतर ऑस्ट्रेलिया पहिल्यांदाच हरला. पण पेनची एक गोष्ट आपण सांगत नाही. दुसऱ्याच दिवशी तो स्वतःहून पत्रकारांसमोर आला आणि आपलं वागणं कर्णधाराला शोभणारं नव्हतं, हे मान्य करून त्याने माफी मागितली. आणि गाबा जिंकल्यावर रहाणेने शंभरावी कसोटी खेळलेल्या नेथन लायनला भारतीय संघाच्या सह्यांची जर्सी दिली. मालिकेत एवढं सगळं घडून गेल्यावरही.

आता कोहली. त्याच्या फलंदाजीवर माझं निस्सीम प्रेम आहे. जून 2019 मध्ये ओव्हलवर विश्वचषकाच्या सामन्यात भारतीय प्रेक्षक ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडवत होते. चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणातली वर्षभराची बंदी संपवून स्मिथ नुकताच परतला होता. कोहलीने प्रेक्षकांकडे वळून हातवारे केले, हे काय चाललंय, टाळ्या वाजवा. आपल्याच चाहत्यांना त्याने गप्प केलं आणि आयसीसीने त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. म्हणूनच 26 डिसेंबर 2024 चा मेलबर्नचा, कॉन्स्टासचा प्रसंग जास्त बोचतो. 19 वर्षांचा पोरगा, पहिलीच कसोटी, बुमराला उलटे फटके मारतोय. षटक संपल्यावर 36 वर्षांचा कोहली वाट वाकडी करून त्याच्या अंगावर जातो. मध्ये पडायला कॉन्स्टासचा साथीदार ख्वाजाला आणि पंचांना यावं लागलं. आपल्या संघातून कुणी पुढे झाल्याचं मला दिसलं नाही. कॉन्स्टासने 65 चेंडूंत 60 केल्या, म्हणजे उपयोगही शून्य. शिक्षा काय, तर 20 टक्के मानधन आणि एक डिमेरिट गुण, म्हणजे गैरवर्तनाची नोंद. कसोटीचं मानधन 15 लाख, त्यातले तीन लाख. अशा दंडाने कोणता मोठा खेळाडू बदलणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘त्यांनी आपल्याला इतकी वर्षं छळलं, आता अरे ला का रे म्हणायलाच हवं.’ 2001 मध्ये गांगुलीने स्टीव्ह वॉला नाणेफेकीला ताटकळत ठेवलं, तेव्हा या उत्तरात दम होता, कारण तेव्हा आपल्याला खरोखर दबकून राहायची सवय होती. आज भारतीय बोर्ड जगातलं सर्वांत श्रीमंत बोर्ड आहे. ऑस्ट्रेलियात जाऊन सलग दोन मालिका जिंकून झाल्यात. आता कुणाला घाबरून अंगावर जायचंय?

भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका ज्यांच्या नावाने, बॉर्डर-गावसकर म्हणून, खेळली जाते त्या गावसकरांचाच किस्सा बघा. फेब्रुवारी 1981, मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं, गावसकरांचं म्हणणं बॅट लागली होती. ते परत निघाले होते, तेवढ्यात मागून शब्द आले, चालता हो अशा अर्थाचे. डोकं फिरलं आणि ते नाबाद चेतन चौहान यांनाही सोबत घेऊन निघाले. संघव्यवस्थापक दुराणी सीमारेषेपाशी आले आणि त्यांनी चौहान यांना परत पाठवलं. नाहीतर सामना तिथेच सोडून द्यावा लागला असता. पुढे दुखऱ्या पायाने गोलंदाजी करत कपिलने 28 धावांत पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलिया 83 धावांत गारद झाला आणि भारत 59 धावांनी जिंकला. आपण तसं वागायला नको होतं, हे गावसकरांनी नंतर स्वतः सांगितलं आहे. त्या विजयाच्या गोष्टीत कपिलचं नाव सगळे घेतात, दुराणींचं फारसं कुणी घेत नाही.

आता संघ शुभमन गिलचा आहे. जुलै 2025 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडचा सलामीवीर क्रॉली वेळ काढतोय म्हणून तो स्वतःच बोट रोखून त्याच्या अंगावर गेला. राग समजण्यासारखा होता, इंग्लंडने वेळ काढलाच होता. पण तो कर्णधार होता, आणि भडकलेल्या कर्णधाराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे घेणारं त्या संघात तेव्हा कुणी नव्हतं. पुढची बॉर्डर-गावसकर मालिका भारतात आहे. त्या संघात हे काम कुणाचं, हे मला अजून दिसत नाहीये.