स्कॅन नॉर्मल आला म्हणजे पोरगी नाटक करते असं नाही

परवा रात्री दुकानाचं शटर ओढत होतो अन् मावसबहिणीचा फोन आला. तिला ल्युपस नावाचा आजार आहे. रडून राहिली होती. "दादा, मी खरंच नाटकं करतो का रे?" एवढंच विचारे. झालं असं की तिच्या सासरच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तो तिच्या चुलत सासऱ्यांनी जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. तोच मेसेज या महिन्यात माझ्या मेडिकलच्या काउंटरवर तिघांनी मोबाईल पुढं करून दाखवलाय, म्हणजे आमच्या तालुक्यात तो घरोघरी फिरून राहिलाय. म्हणून आता बसून लिहितोच.

मेसेज असा आहे: ल्युपस मेंदूत गेला का ते फक्त एमआरआय सांगतो. एमआरआय नॉर्मल असला तर मेंदू शंभर टक्के ठीक, बाकी त्रास मनाचा नाहीतर बाहेरचा. पांढरे ठिपके दिसले तर मेंदू सडायला लागला. दर सहा महिन्यांनी स्कॅन करा पण कॉन्ट्रास्टचं (स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून देतात ते) इंजेक्शन घेऊ नका, किडनी जाते. आणि डोकं ल्युपसच्या स्टेरॉईड गोळ्यांनंच बिघडते, म्हणून स्कॅन साफ आला की गोळ्या बंद करा.

मी डॉक्टर नाही, डी.फार्म केलंय अन् औषधं विकतो. पण बहिणीसोबत दोन वर्षं दवाखान्याच्या बाकांवर बसलोय, तिची फाईल मला पाठ आहे, आणि जे कळलं नाही ते डॉक्टरांना चारचारदा विचारून घेतलंय.

ज्यांना हा आजारच माहीत नाही त्यांच्यासाठी: जी प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायला असते तीच ल्युपसमध्ये स्वतःच्या सांध्यांवर, कातडीवर, किडनीवर आणि कधी मेंदूवर, नसांवर उलटते. दहा पेशंटमध्ये साधारण नऊ बाया, त्याही बहुतेक १५ ते ४५ वयाच्या. ऊन लागलं की भडकतो, आणि आपल्याकडं कापूस वेचायला, निंदायला बाईच उन्हात असते. बहिणीच्या गालावरचे लाल चट्टे वर्षभर "ऊन बाधलं" म्हणूनच काढले सगळ्यांनी.

आता तो नॉर्मल स्कॅनवाला मुद्दा. माझा सगळा राग यावरच आहे.

गेल्या पावसाळ्यात बहीण रात्र रात्र जागायची, एकटीच बोलायची, चुलीवर दूध ठेवून विसरायची, आणि एक दिवस अंगणात फिट आली. सासू म्हणे "इले बाहेरचं लागलं". एका भगताकडं नेऊनही आणलं, ते मला नंतर समजलं. मग एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल. घरच्यांनी तिथंच फाईल बंद केली असती. डॉक्टरांनी नाही केली. त्यांनी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून टीबीचा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज नाही ना ते पाहिलं, रक्तात डीएसडीएनए, सी-३, सी-४ (ल्युपस भडकलाय का ते सांगणाऱ्या तपासण्या) पाहिले, लघवीतलं प्रोटीन पाहिलं, ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेच्या लहरींचा आलेख काढला, सोडियम आणि साखर तपासली, मानसोपचारवाल्या मॅडमना बोलावून घेतलं, आणि मगच सांगितलं की हा ल्युपसचाच त्रास आहे. औषध वाढवल्यावर दोन महिन्यांत ती पुन्हा पोराचा अभ्यास घेऊ लागली. आणि हा मेसेज म्हणतो की ते सगळं मनाचं होतं!

हे फक्त माझ्या बहिणीचं असतं तर मीच म्हटलं असतं की एकट्या पेशंटवरून काय सांगता. पण नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांचा २०११ साली छापून आलेला अभ्यास आहे. ल्युपसचा मेंदूवर पहिल्यांदाच हल्ला झालेले ७४ पेशंट, सगळ्यांना त्रास चालू होता, आणि त्यातल्या ४२ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये काहीच सापडलं नाही. शंभरातले बेचाळीस! म्हणजे या मेसेजच्या हिशोबानं त्यांना सगळ्यांना घरी पाठवायचं, "काही नाही झालं तुले" म्हणून. कारण साधं आहे. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, कुठं रक्तपुरवठा तुटला, कुठं सूज आहे, कुठं गाठ आहे. रक्तातल्या अँटीबॉडी (प्रतिकारशक्तीनं बनवलेली प्रथिनं, जी इथं स्वतःवरच उलटतात) आणि सुजेची रसायनं मेंदूच्या पेशींचं काम बिघडवतात ते त्या फोटोत उमटेलच असं नाही. मोटरचं वायंडिंग वरून चांगलं दिसते तरी पंप पाणी उचलत नाही, हे शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही.

दुसरं म्हणजे ल्युपसमुळं होणारे मेंदूचे आणि नसांचे १९ प्रकार अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीनं (सांधेदुखी अन् ल्युपससारख्या आजारांच्या डॉक्टरांची संघटना) १९९९ मध्ये ठरवून दिलेत. त्यात फिट, पक्षाघात, सायकोसिस (भास होणं, भ्रमिष्टपणा), विसरभोळेपणा, डिप्रेशन असे १२ मेंदू आणि मज्जारज्जूचे, आणि उरलेले ७ हातापायाच्या वगैरे नसांचे. मग नसा गेल्या असतील तर डोक्याच्या स्कॅनमध्ये काय दिसणार? मज्जारज्जूला सूज आली की दोन्ही पाय लुळे पडतात, लघवी अडते, तेव्हा तर पाठीच्या कण्याचा एमआरआय लागतो, तोही तातडीनं. तिथं डोक्याचा स्कॅन नॉर्मल आला म्हणून घरी बसलं तर ती बाई कायमची खाटेवर.

मग स्कॅन करायचाच नाही का? करायचा! ल्युपस आहे अन् नवीन फिट आली, एक बाजू लुळी पडली, नजर गेली, माणूस भ्रमिष्ट झालं, तर करायचाच. युरोपातल्या अशाच डॉक्टरांच्या युलार संघटनेनं २०१० मध्ये सांगून ठेवलंय की अशा पेशंटची तपासणी ल्युपस नसलेल्या माणसाला तोच त्रास झाला असता तर जशी केली असती तशीच करा. म्हणजे स्कॅन बऱ्याचदा दुसरं कारण शोधायला असतो. ल्युपसच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, मग मेंदूत टीबी असू शकतो, दुसरं इन्फेक्शन असू शकते, बीपी एकदम वाढून सूज आलेली असू शकते. काहींच्या रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटीबॉडी असतात, त्यांना ऐन तारुण्यात पक्षाघात होतो, तो एमआरआयमध्ये चांगला दिसतो आणि त्याचं औषध वेगळं, रक्त पातळ करायचं. टीबी असताना नुसता ल्युपस समजून इलाज केला तर काय होईल, याचा विचार करा. आणि मोठ्या अभ्यासांत असंही दिसलंय की ल्युपसच्या पेशंटला डोक्याचे जे त्रास होतात त्यातले फार तर एक तृतीयांश खरंच ल्युपसमुळं असतात. म्हणूनच एका फोटोवर निकाल लागत नाही.

पांढरे ठिपके. हे वाचून गावातल्या दुसऱ्या एका पेशंटच्या आईनं दोन दिवस जेवण सोडलं, पोरीच्या रिपोर्टात "व्हाईट मॅटर"चे ठिपके लिहिलेत म्हणून. माय, मेंदू सडत नाही. असे बारीक ठिपके ल्युपसमध्ये बऱ्याचदा सापडतात हे खरं, पण ते मायग्रेनवाल्यांना असतात, बीपीवाल्यांना असतात, वय झालेल्या धडधाकट माणसालाही असतात. ठिपक्याकडं पाहून तो आजचा की पाच वर्षांपूर्वीचा हेही बऱ्याचदा सांगता येत नाही. रिपोर्टात "नॉन-स्पेसिफिक" लिहिलेलं असते त्याचा अर्थ एवढाच, की यावरून कोणताही एक आजार ठरत नाही.

दर सहा महिन्यांनी स्कॅन म्हणाल तर काही त्रास नसताना असं कोणी सांगत नाही. एका एमआरआयला हजारो रुपये, वर नागपूरचं जाणं-येणं आणि दोन रोज बुडतात. तो पैसा लघवीच्या अन् रक्ताच्या तपासणीला ठेवा.

कॉन्ट्रास्टचं अर्ध खरं आहे, तेवढं मान्य करतो. किडनी आधीच फार खराब असेल तर गॅडोलिनियमच्या (कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनातलं द्रव्य) जुन्या प्रकारांनी कातडी अन् आतले अवयव घट्ट होत जाणारा वाईट आजार झालेला आहे, आणि ल्युपस किडनीवर जातोच, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात, त्यावरून किडनी कशी आहे ते कळते. तेव्हा किडनीचा त्रास असेल तर तिथं आधीच सांगा. पण चांगल्या किडनीच्या माणसानं गरजेचं इंजेक्शन या मेसेजपायी नाकारू नये.

आणि स्टेरॉईड. यातही थोडं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. मोठ्या डोसनं डोकं बिघडू शकते. बॉस्टनचा १९७२ चा जुना हिशोब आहे, रोज ४० मिलीग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (एक स्टेरॉईडची गोळी) घेणाऱ्यांत १.३ टक्के, ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्के लोकांना मानसिक त्रास झाला. म्हणून त्रास स्टेरॉईडचा की ल्युपसचा हे डॉक्टरला ठरवावं लागते, कारण एकात डोस कमी करायचा असतो अन् दुसऱ्यात बहुतेक वाढवायचा. घरच्या ग्रुपवर ते कसं ठरणार? शिवाय महिनोन्महिने गोळी चालू असली की शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी करते. एकदम बंद केली तर उलट्या, चक्कर, बीपी पडणं, जीवही जाऊ शकते. ती हळूहळूच उतरवायची असते.

हे मी फोनवर सांगत होतो तेव्हा बहीण हळूच म्हणाली, "दोन दिवस झाले, आत्याबाईंनी गोळ्या कपाटात ठेवल्या". माझे हातपायच गळाले. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी रात्रीच चालू करायला सांगितली, सकाळी बीपी दाखवायला बोलावलं. जावयांनी कपाट उघडून माझ्यासमोर, म्हणजे फोन चालू ठेवून, तिला गोळी दिली. येत्या रविवारी मी फाईल घेऊन तिच्या सासरी जाऊन राहिलो, चुलत सासऱ्यांच्या शेजारी बसून एकेक कागद वाचून दाखवतो, त्यांनी जसा मेसेज वाचला तसाच, सगळ्यांसमोर.