घोडा, माशी आणि सत्तर किलो

घोडेस्वारी शिकणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय. ‘घोडा पाचशे किलोचा, तुम्ही सत्तरचे. त्याला तुमचं ओझं म्हणजे पाठीवर बसलेली माशी. खोगीर टोचत असेल तर खाली जाड गादी टाका. त्याहून उत्तम म्हणजे खोगीर काढून टाका, उघड्या पाठीवर बसणं सर्वांत नैसर्गिक. आणि दुखलंच तर घोडा लाथ मारून सांगेल.’ माशी, गादी, उघडी पाठ आणि लाथ, असे चार दावे आहेत आणि चारही गोत्यात आणणारे.

माशीपासूनच सुरू करू. घोड्याच्या अंगावर माशी बसली की नेमकी तेवढ्याच जागची कातडी थरथरते, हे तबेल्यात दोन मिनिटं उभं राहिलेल्या कुणीही पाहिलेलं असतं. ज्याला माशी कळते त्याला सत्तर किलो कळत नाहीत, हे मोठंच धाडसाचं विधान आहे.

यात खरं एवढंच की धडधाकट घोडा सत्तर किलो वाहून नेतो. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार ठेवून पाहिला. पंचवीसच्या पुढे स्नायू जास्त दुखावल्याच्या खुणा दिसल्या. आठच घोडे, तेव्हा तो आकडा दगडावरची रेघ नव्हे. पण त्या हिशेबात सत्तर किलोचा स्वार बसतो, हे मान्य.

मात्र किलोंचा हिशेब पाठीला लागू पडत नाही. पाठीला कळतो तो दाब, म्हणजे भार भागिले जागा. स्वार आणि खोगीर मिळून 80 किलो धरा. खोगीर दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर नीट टेकलं आणि 1600 चौरस सेंटीमीटर जागा मिळाली, तर दर चौरस सेंटीमीटरला 50 ग्रॅम. तेच खोगीर फक्त पुढच्या-मागच्या टोकांवर टेकलं, मधे पोकळी राहिली आणि जागा 400 वर आली, तर 200 ग्रॅम. हे घोडा उभा असताना. दुडक्या चालीत प्रत्येक पावलाला स्वाराचा भार क्षणभर दुपटीहून जास्त होतो, म्हणजे चारशेच्या वर. खोगिराखाली दाबमापक चादर घालून केलेल्या मोजण्यांत एखाद्या जागी 300 ते 350 ग्रॅमच्या पलीकडचा दाब दुखऱ्या पाठींशी जोडलेला आढळला आहे. स्वार तोच, वजन तेच. म्हणून ‘तुमचं वजन किती?’ याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे ‘खोगीर कुठे टेकतंय?’

टेकायचं कुठे, तर मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर, बरगड्यांचा आधार आहे तिथवर. शेवटच्या बरगडीमागे नाही. खोगिराच्या मधली पन्हळ मणक्याला शिवता कामा नये. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर खोगीर चिमटत असेल, तर खांद्याचं हाड मागे सरकताना दर पावलाला त्यावर आपटतं.

आता गादी. बूट चावतो म्हणून आत दुसरा मोजा घातल्यावर काय होतं? अरुंद खोगिराखाली जाड गादी म्हणजे तेच. (मराठीत निरुपयोगी भरण्याला ‘खोगीरभरती’ म्हणतात ते उगाच नव्हे.) फार रुंद खोगिराखाली तात्पुरती चालेल, पण तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळल्यावर ती कुठे दबली आणि कुठे गोळा झाली हे वरून दिसत नाही. तंग आवळल्यानंतर खोगिराखाली तळहात घालून पुढून मागे सरकवा. एकदा पायउतार होऊन, एकदा कुणाला वर बसवून. हात कुठे अडकतो आणि कुठे मोकळा फिरतो, एवढ्यावरून बरंच कळतं.

उघड्या पाठीचं ‘नैसर्गिक’ प्रकरण तर सरळ उलटं आहे. खोगिराचा सांगाडा भार पसरवायलाच असतो. तो काढला की आपल्या बैठकीची दोन हाडं थेट पाठीत रुततात. मोजून पाहिलं तेव्हा टेकण्याची जागा घटलेली आणि दाब वाढलेला निघाला. बिनसांगाड्याच्या खोगिरातही हाडांखाली असे जास्त दाबाचे ठिपके सापडले आहेत. दहा मिनिटं तोल शिकायला उघड्या पाठीवर बसलात तर बिघडत नाही. रोज तासभर बसणं हे घोड्यावरचे उपकार समजू नका.

राहिली लाथ. घोडा हा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात. पशुवैद्य स्यू डायसन आणि सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या 24 वागणुकींची यादी केली आहे. कान मागे, शेपटीचे फटके, तोंड उघडं, पुन्हा पुन्हा चाल मोडणं, अशा आठ किंवा जास्त दिसल्या तर दुखण्याची शक्यता दाट. आपण यांनाच ‘नखरे’ म्हणतो.

मीही म्हणायचो. एक तांबडी घोडी तंग आवळताना दर वेळी मान वळवून माझ्या बाहीकडे दात न्यायची. चावली कधीच नाही, लाथही नाही. मी तिला दटावत राहिलो. पुढे कुणीतरी मला तिच्या पाठीवरून बोटं सपाट दाबत न्यायला लावली. आयाळ संपते त्या उंचवट्यामागे दोन्हीकडे एकाच जागी ती खचून खाली गेली. खोगीर बदललं, बाहीकडे दात येणं काही आठवड्यांत थांबलं. दाबाने दुखावलेल्या जागी येतात ते पांढरे केस मात्र त्यानंतर उगवले, जुने केस झडून नवे आले तेव्हा, नेमके त्या दोन जागी.