हो, नेमप्लेट पाहिली आहे

महोदय,

ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूला ४३३ व्होल्ट असतात असं मी लेखात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “एलटी बाजूला ४१५ व्होल्ट असतात हे शेंबडं पोरही सांगेल. हे ४३३ कुठून काढलंत? आयुष्यात कधी नेमप्लेट पाहिली आहे का?” यातल्या आकड्याचं उत्तर दोन ओळींचं आहे. ‘पाहिली आहे का’ याचं मात्र सविस्तर द्यावं लागेल.

वाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये माझी २२ वर्षं गेली. ट्रान्सफॉर्मरवरच्या, तेलाने काळ्या पडलेल्या प्लेटा चिंधीने पुसायच्या आणि आकडे वहीत उतरवायचे, हे हेल्परचं पहिलं काम. नवा होतो तेव्हा मीही तुमच्याइतकाच हुशार होतो. समोर ११०००/४३३ ची प्लेट असताना ‘शेवटी मिळतात ४१५च ना’ म्हणून ४१५ धरून तारेचे वेढे काढले. एचटी (जास्त व्होल्टेजची बाजू) डेल्टा जोडणीत, म्हणजे एका फेजला पूर्ण ११०००. एलटी स्टार जोडणीत, म्हणजे ४३३ भागिले १.७३२, एका फेजला २५०. दोन्ही बाजूंच्या वेढ्यांचा रेशो ४४ यायला हवा होता, माझा आला ४५.९. उस्तादांनी अख्खी कॉइल उलगडायला लावली आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलले तोंडावर, टोपणनावाआडून नव्हे.

आता त्या दोन ओळी. प्लेटवरचं व्होल्टेज लोड नसतानाचं असतं. ४.५ टक्के इम्पीडन्सचा (म्हणजे करंटला आतून होणाऱ्या अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर ०.८ पॉवर फॅक्टरला पूर्ण लोडवर साधारण ४ टक्के खाली येतो. ४३३ मधून तेवढे वजा करा, तुमचे लाडके ४१५ हजर. माझी ती कॉइल तशीच लावली असती तर लोडवर ३९८ च मिळाले असते.

‘नो-लोड’ हा शब्द मूळ लेखात कुठेच नव्हता, हे मान्य. वाचणाऱ्याला एवढं ठाऊक असेल असं धरून चाललो.

राहिला तुमचा टॅपचा (वेढे कमी-जास्त करायच्या सोयीचा) मुद्दा: ‘+५ टक्क्यांच्या टॅपवर एचटीचे वेढे वाढतात, म्हणून एलटी व्होल्टेज घटतं, तुम्ही नेमकं उलट लिहिलंय.’ बघतो. पण एका ओळीवरून अख्ख्या लेखाला ‘दिशाभूल’ म्हणायचं, ही कुठली रीत? तुम्ही म्हणे इंजिनिअर आहात. असाल.

लेखात ‘नो-लोड’ घातला आहे. टॅपची ओळही बदलली आहे, पण ती मी तशीही बदलणारच होतो.